घरकुलाला हात लावू या



आम्ही बँकेत काम करणारी माणसे. अनुसूचित जाती व नवबौद्ध बेघरांसाठी रमाई आवास योजना आहे. अनुदान हप्त्याहप्त्याने खात्यात येते. पण बांधकाम पुढे सरकल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही. जुनी झोपडी मोडलेली, काम जोत्यावर अडलेले आणि मृग तोंडावर आलेला, अशी कुटुंबे चिखली-मेहकरकडे आम्ही पाहिली आहेत. जागा नसलेल्यांचे हाल तर विचारूच नका. जागा खरेदीच्या साहाय्यासाठी २०१५ मध्ये राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आणली, हेही कित्येकांना ठाऊक नसते.

मग आपण काय करावे? विद्यार्थ्यांनी अर्ज लिहून द्यावेत. जातीचा दाखला, आधार व पासबुकावरील नाव जुळते का, ते पाहावे. तरुणांनी श्रमदान करावे. मंडळाने सिमेंटपुरती बिनव्याजी उचल द्यावी. हप्ता आला की ती परत घ्यावी. घर उभे राहीपर्यंत विहारालगतची खोली त्या कुटुंबाला उघडून द्यावी.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यास देण्यास सांगितले. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याने वेळेचा विसावा भाग द्यावा, एवढीच आमची विनंती. जय भीम!