साखळी कुठे आहे?

अंधेरी-बोरिवलीचा प्रवास माझ्या अंगवळणी पडलेला आहे, म्हणून तिथलंच सांगते. ऑक्टोबर १९९३मध्ये कांदिवलीजवळ लेडीज स्पेशलमध्ये आगीची अफवा उठली. बायकांनी रुळांवर उड्या टाकल्या. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी आली. सुमारे ५० जणी गेल्या.

‘बायका घाबरटच,’ हे मी तेव्हा ऐकलं. मला ते पटत नाही. जानेवारी २०२५मध्ये जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसमध्ये हुबेहूब असंच घडलं. तिथे पुरुषांनीही उड्या टाकल्या.

भान राखणं हा स्वभाव नाही, ती सवय आहे. डब्यात शिरताच पाहा: साखळी कुठे? शेजारचा रूळ कोणत्या बाजूला? ओरडा झाला तर आधी विचारा, ‘तू स्वतः पाहिलंस का?’ खरंच धूर असेल तर साखळी ओढा, गाडी पूर्ण थांबू द्या, शेजारी रूळ नसेल त्या बाजूने उतरा.

पण एकटीने थांबून भागत नाही. मागची गर्दी ढकलतेच. डब्यात आपण भाजी निवडतो, हळदीकुंकू करतो. उद्या त्याच गटात एवढं ठरवू या: साखळीजवळ कोण, दारात कोण.