आज त्यांच्यावर, उद्या आपल्यावर

(सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भैरवनाथाच्या या गावात तुम्ही मला लिहिण्याच्या स्वातंत्र्यावर बोलायला बोलावलंत. हा लेखक-संपादकांचा प्रश्न आहे, आपला काय संबंध, असं कुणाला वाटेल. पण मोबाईलवर चार ओळी लिहिणारा प्रत्येक जण आज लेखकच आहे, आणि त्या चार ओळींसाठीही तुरुंगात जावं लागतं.

पालघर आठवा. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. मुंबई आणि आसपासचा भाग बंद होता. शाहीन धाडा या 21 वर्षांच्या मुलीनं फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. रिनू श्रीनिवासन या तिच्या मैत्रिणीनं ती पोस्ट लाइक केली. जमावानं शाहीनच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. पोलिसांनी या दोन्ही मुलींना अटक केली. त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला. देशभर टीका झाली, अधिकारी निलंबित झाले, पुढे खटलाही मागे पडला. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66अ रद्द झालं. तरीही त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. ते थांबवा, असं न्यायालयाला 2022 मध्ये पुन्हा सांगावं लागलं.

शाहीनच्या बाजूनं उभं राहणं आपल्याला सोपं होतं. आता अवघड उदाहरण घेऊ.

जानेवारी 2015. पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो'वरच्या हल्ल्यात 12 जणांची हत्या झाली. त्यावरच्या बातमीसोबत मुंबईच्या 'अवधनामा' या उर्दू दैनिकानं त्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ छापलं. संपादक होत्या शिरीन दळवी. त्यांनी लगेच माफी मागितली. तरीही ठिकठिकाणी तक्रारी झाल्या, मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली. जामीन मिळाला, पण पेपरची मुंबई आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली. घर सोडून, चेहरा झाकून वावरायची पाळी त्यांच्यावर आली. तक्रार करणारे आपल्याच समाजातले होते.

शाहीन आणि शिरीन, दोघींवरही पोलिसांनी सुरुवातीला एक कलम लावलं होतं: 295अ, धार्मिक भावना दुखावल्याचं. हे कलम आलं कुठून? 1920च्या दशकात लाहोरला पैगंबरांवर (स.) एक निंदापर पुस्तिका निघाली. 1927 मध्ये तिचा प्रकाशक उच्च न्यायालयातून सुटला. मुसलमानांमध्ये संतापाची लाट उसळली आणि त्याच वर्षी सरकारनं हे कलम आणलं. आपल्या भावनांच्या रक्षणासाठी मागितलेला कायदा पालघरमध्ये आपल्याच मुलीवर लावला गेला. आज तो भारतीय न्याय संहितेत कलम 299 म्हणून कायम आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

पैगंबरांची निंदा झाली की आपल्याला वेदना होते. ती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण त्या वेदनेचं उत्तर लेखानं द्यावं, भाषणानं द्यावं, सनदशीर निदर्शनानं द्यावं. दुसऱ्याला तुरुंगात टाकायची मागणी आपण करतो तेव्हा ती चावी ज्याच्या हाती देतो, तो कायम आपल्या बाजूचा असेल याची हमी कोण देणार? जून 2023 मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं. तेव्हाही 'भावना दुखावल्या' हेच शब्द होते, फक्त भावना दुसऱ्यांच्या होत्या.

मग काहीही लिहावं का? नाही. कुणाला मारा, कुणाची घरं जाळा, असं लिहिणं हा गुन्हाच आहे. चर्चा करणं, मत मांडणं आणि हिंसेला चिथावणी देणं यातला फरक न्यायालयानंही 2015च्या निकालात स्पष्ट केला आहे.

गावातल्या एखाद्या पोरावर लिहिण्यावरून गुन्हा दाखल झाला, तर त्याचं नाव कुठल्या समाजाचं आहे ते आधी बघू नका. पोलिसांना अटकेचं कारण सांगावंच लागतं. 24 तासांत न्यायाधीशांपुढे उभं करावंच लागतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. आणि त्याच्या आईजवळ कुणीतरी जाऊन बसा. पहिल्या दिवशी सगळं गाव त्या घराकडे पाठ फिरवतं. तुम्ही फिरवू नका.