बोटुकली किती सोडायची?

धरणात मत्स्यबीज सोडतात, तेव्हा बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पाण्यात गेली की टाळ्या पडतात. जितकी जास्त तितकं बरं, असंच आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरावर मात्र हात आखडायची वेळ आली. त्याची ही हकीगत.

कोकणाच्या जवळजवळ दुप्पट पसरलेलं हे गोड्या पाण्याचं सरोवर. शिकागो त्याच्याच काठी. समुद्राकडून कालव्याच्या वाटेने शिरलेल्या लॅम्प्रे नावाच्या रक्तपिपासू माशाने गेल्या शतकाच्या मध्याला इथला मोठा ट्राउट संपवला. खाणारा उरला नाही, तसा त्याच वाटेने आलेला एलवाइफ नावाचा वीतभर चंदेरी मासा बेसुमार माजला. १९६७ साली तो इतका मेला, की किनाऱ्यावरचे ढीग बुलडोझरने उचलावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे हॉवर्ड टॅनर यांनी पॅसिफिककडचा कोहो सॅमन इथे सोडला होता, पाठोपाठ चिनूक जातीचा सॅमनही सोडला. सॅमनने एलवाइफवर ताव मारला आणि काठावर गळवाल्यांची रीघ लागली.

मग आले क्वागा शिंपले. नखाएवढा जीव, पण तळभर पसरून रात्रंदिवस पाणी गाळतो. सरोवर नितळ झालं. मला त्या नितळपणाची भीती वाटते, कारण पाण्यात तरंगणारं सूक्ष्म प्लवक गेलं आणि एलवाइफच्या तोंडचा घास गेला. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला, त्याच्यामागे चिनूकही. किनाऱ्यावरच्या गावांचा धंदा बसला.

ते पाहून मिशिगन सरोवरात २०१३ साली चिनूकची बोटुकली जवळजवळ निम्म्यावर आणली. भाड्याने बोटी चालवणाऱ्यांच्या पोटावर येणारा निर्णय होता, तरी मला तो योग्यच वाटतो.

पण सरोवरातल्या चिनूकमध्ये सोडलेले किती, हे कळायचं कसं? मत्स्यबीज केंद्रातल्या पिल्लांचा शेपटीअलीकडचा, पाठीवरचा इवलासा मऊ पर कापतात आणि नाकाडात मिलिमीटरभर तार घालतात. मोठा मासा गळाला लागला की पाठीवरून अंगठा फिरवायचा. पर नसेल तर मासा केंद्रातला. त्याचं डोकं तपासणीला द्यायचं. तारेवरचा आकडा सूक्ष्मदर्शकाखाली वाचला, की तो कुठे नि कधी सोडला ते कळतं.

मोजणीत पर शाबूत असलेले चिनूकच जास्त निघाले. माणसाने सोडणं कमी केलं, तरी नद्यांमध्ये त्यांची वीण चालूच होती. तीही तोंडं त्याच एलवाइफवर जगणारी, म्हणून सोडायच्या बोटुकलीचा आकडा ठरवताना आधी त्यांचा वाटा बाजूला काढावा लागतो.