वाळवंटांतील सोप्या वाटा

(नभोवाणीवरील भाषण)

वाळवंट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उंट, तहान आणि अथांग वाळू यांचें चित्र उभें राहतें. मुलाबाळांना घेऊन तेथें पायीं फिरावें, हा विचार आपल्या मनांत सहसा येत नाहीं. परंतु मारवाडांत अशा कांहीं वाटा आहेत कीं, सहा वर्षांचें मूल आणि साठीची आजी, दोघेंही त्या अर्ध्या दिवसांत सुखानें चालून येतील. मात्र जावें तें नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतच.

पहिली वाट जोधपूरची. मेहरानगडच्या पायथ्याशीं राव जोधा मरु-शिला उद्यान आहे. सुमारें ७० हेक्टरांची ही खडकाळ जमीन परदेशांतून आलेल्या वेड्या बाभळीनें व्यापिली होती. २००६ सालीं कामास आरंभ झाला. बाभळीचीं मुळें खडकांच्या भेगांतून छिनीनें उकरून काढलीं व त्या जागीं थोर, कुमट, रोहिडा, केर अशीं मरुभूमीचीं अस्सल झाडें लाविलीं. आंखून दिलेल्या पायवाटा असल्यामुळें चुकण्याचें भय नाहीं. पायांखालचा खडक सुमारें ७५ कोटी वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखीचा; आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ त्याच्यापुढें कालचें पोर! येथें मुलांना झाडाची फांदी मोडूं देऊं नये. खेजडी, म्हणजे आपली शमी, वांचविण्यासाठीं जोधपूरजवळच्या खेजडली गांवीं १७३० सालीं अमृतादेवी व तिच्यासह ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनीं प्राण दिले. त्या भूमीवर आपण चालत आहों, हें मुलांना अवश्य सांगावें.

दुसरी वाट अकलची. जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्यानें सुमारें १७ किलोमीटरांवर उघड्या टेकाडांत दगड झालेले वृक्षांचे बुंधे पडलेले आहेत. ते सुमारें १८ कोटी वर्षांपूर्वींचे. जेथें आज सावलीस झाड मिळत नाहीं, तेथें एके काळीं अरण्य होतें. तें पाहून माझ्या नातवानें विचारलें, "आजोबा, मग पाणी कोठें गेलें?" एवढा एक प्रश्न मुलाच्या मनांत उठला, तरी प्रवासाचें सार्थक झालें.

तिसरी वाट जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारें ४० किलोमीटरांवरील समच्या वाळूच्या टेकड्यांची. येथें माझी एक चूक सांगतों. उंटवाल्यानें पाण्याची बाटली बरोबर घेण्यास सांगितलें. आयुष्यभर भूगोल शिकविलेला मी हंसून म्हणालों, "ती टेकडी तर ही समोर आहे!" नातवाला घेऊन निघालों. वाळवंटांत अंतर फसवें असतें. एका टेकडीमागें दुसरी, तिच्यामागें तिसरी. सूर्य मावळला. वाऱ्यानें पावलांच्या खुणा पुसल्या आणि सर्व टेकड्या सारख्याच दिसूं लागल्या. मुलाचे ओंठ सुकले. तो रडला नाहीं; नुसता माझा हात घट्ट धरून राहिला. शेवटीं भटकणें सोडून आम्ही एका माथ्यावर बसून राहिलों व हांका मारल्या. तासाभरानें तोच उंटवाला कंदील घेऊन आला. वाळूंत चुकलेल्यानें चालत सुटूं नये, बसून रहावें, एवढेंच तो म्हणाला. मुक्कामीं सून मला एक शब्दही बोलली नाहीं. तें मौन मला अधिक लागलें.

तेव्हांपासून मीं एक साधें गणित ठरविलें आहे. पाण्याचे तीन भाग करावेत: एक जाण्यासाठीं, एक येण्यासाठीं आणि तिसरा अडचणीसाठीं. पहिला भाग संपला कीं, समोर कितीही मोहक टेकडी असो, माघारीं फिरावें. मोठ्या माणसामागें निदान दोन लिटर पाणी घ्यावें. पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वीं परतावें. संध्याकाळीं गेल्यास मुक्कामाचें ठिकाण दृष्टीआड होऊं देऊं नये. पाय झांकणारे बूट घालावेत, कारण आपल्या कोंकणांतलें फुरसें तेथेंही आहे. आणि निघण्यापूर्वीं कोठें जातों व केव्हां परतणार, तें मागें राहणाऱ्यास सांगावें.

श्रोतेहो, वाळवंट क्रूर नाहीं; तें फक्त आपल्या गुर्मीची गय करीत नाहीं. नम्रतेनें जाल, तर तें तुमच्या मुलांना पाण्याच्या एका घोटाची किंमत शिकवील. ती मला साठी उलटल्यावर कळली.