बालकांचें खेळणें आणि आपलें अंगण
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या वर्षीं गतकाळाचें स्मरण करणें उचितच आहे. परंतु ज्यांस गतकाळ ठाऊकच नाहीं, अशीं तीन ते सहा वर्षांचीं लेंकरें आपल्यामध्यें आहेत, आणि त्यांच्या वतीनें चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे. देवळामागच्या मोकळ्या जागेवर फरसबंदी करून तेथें मोटारी व दुचाक्या उभ्या करण्याची सोय करावी, अशी सूचना पुढें आली आहे. ती निष्कारण केलेली नाहीं. रविवारीं मिस्सेच्या वेळीं रस्त्यावर किती दाटी होते, हें आम्ही जाणतों. तथापि त्याच जागेवर आपल्या बालवर्गाचीं मुलें रोज सकाळीं खेळतात. निर्णय करण्यापूर्वीं त्यांच्या खेळण्याचें मोल काय, याचा विचार व्हावा, एवढीच विनंती.

पुष्कळ आईबापांची समजूत अशी कीं, अभ्यास बैसून करावयाचा, आणि खेळ ही अभ्यास आटोपल्यावर द्यावयाची सवलत. लहान मुलाच्या बाबतींत हें खरें नव्हे. लेखणी धरणारीं बोटें मनगटावर अवलंबून, मनगट खांद्यावर, आणि खांदा पाठीच्या कण्यावर. मोठे स्नायु आधीं वश होतात, बारीक स्नायु मागून. दोरीला लोंबकळणें, माती खणणें, पाण्याची लहानशी बादली उचलून नेणें, हीच अक्षर गिरविण्याची पूर्वतयारी होय. लंगडी घालतांना मूल तोल सांभाळतें. शिवाशिवींत धांवतां धांवतां अकस्मात् वळतें. आपला डाव येईपर्यंत धीर धरतें. डोळा, कान, पाय व मन हीं तेथें एकाच वेळीं शिकत असतात.

हें आम्हीच सांगतों असें नाहीं. १९०७ सालीं रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह चालविणाऱ्या मारिया माँटेसोरी १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या, आणि महायुद्धामुळें १९४६ पर्यंत येथेंच राहिल्या. त्यांच्या पद्धतींत जमिनीवर रेष आखून, हातांत भरलेला पेला घेऊन, पाणी न सांडतां त्या रेषेवरून चालण्याचा पाठ असतो. मन आणि हालचाल हीं वेगळीं करतां येत नाहींत, हें त्यांच्या शिकवणीचें सार.

आपल्या महाराष्ट्रांत हें कार्य ताराबाई मोडक यांनीं केलें. त्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालवाडी सुरू केली, आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. महाग साहित्याच्या ठिकाणीं त्यांनीं शंख-शिंपले, बिया, खडे वापरले. गरिबांचीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हें काम वाढलें. १९७५ सालीं सरकारनें बालविकासाची मोठी योजना काढली, तेव्हां तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें. नांवांत अंगण आहे. परंतु शहरांत कित्येक बालवर्ग आज एका खोलींत कोंडलेले आहेत, आणि अंगण तेवढें नाहींसें झालें आहे. आपणांजवळ तें आहे, हें आपलें भाग्य.

आपल्या नागपुरांतील महामंदिर संत फ्रान्सिस द सालस यांच्या नांवें आहे. त्याच संताचें नांव संत जॉन बॉस्को यांनीं १८५९ सालीं आपल्या संघास दिलें. तूरिन शहरांतील अनाथ पोरांस जवळ करावयाचें तर प्रथम त्यांच्याबरोबर खेळलें पाहिजे, हें बॉस्कोंनीं ओळखलें होतें. १८८४ सालीं रोमहून पाठविलेल्या एका पत्रांत त्यांनीं दुःख व्यक्त केलें, तें हें कीं, शिक्षक आतां मुलांच्या खेळांत पूर्वीसारखे मिसळत नाहींत. जेथें मोठीं माणसें मैदान सोडून जातात, तेथून मुलांचा विश्वासहि निघून जातो.

आतां प्रमाण पाहूं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, तीन-चार वर्षांच्या मुलानें दिवसांतून एकंदर निदान १८० मिनिटें हालचाल करावी. त्यांपैकीं ६० मिनिटें तरी चांगला दम लागेल अशी असावी. पडद्यासमोर बसणें मात्र एका तासाहून अधिक नसावें. आपल्या घरीं हा हिशेब बहुधा उलटा असतो. नागपूरचा उन्हाळा कठोर. पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून सकाळची वेळ, झाडाची सावली व पिण्याचें पाणी यांची काळजी घ्यावी लागते. फरशी उन्हानें तापते आणि पडणाऱ्या गुडघ्यास क्षमा करीत नाहीं. माती मऊ असते.

एक सावधगिरीचा शब्दहि सांगितला पाहिजे. खेळ म्हणजे शर्यत नव्हे. चार वर्षांच्या बालकास पहिला-दुसरा नंबर लावून, मागें पडलेल्यास आईबापांनीं सर्वांदेखत रागें भरणें, हें शिक्षण नाहीं. ज्युबिलीच्या क्रीडादिनीं बालवर्गाच्या धांवण्यांत क्रमांक नसावेत. धांवणाऱ्या प्रत्येकास खाऊ मिळावा. मुलींस ‘कपडे मळतील’ म्हणून बाजूस बसवूं नये, आणि ज्याचा पाय अधू आहे त्यासहि चेंडू द्यावा.

मग गाड्यांचें काय? ज्यांचें घर पायीं येण्याजोगें आहे, त्यांनीं पायीं यावें. वृद्ध व आजारी यांच्या गाड्यांस समोरच्या दाराशीं जागा ठेवावी. उरलेल्या गाड्या रस्त्याकडेस ओळीनें लावून घेण्याचें काम तरुण मंडळींनीं पाळीपाळीनें करावें. अडचण आठवड्यांतील एका सकाळची आहे. तिच्यासाठीं सहा सकाळींचें अंगण देऊन टाकणें आम्हांस रास्त वाटत नाहीं.

निर्णय धर्मग्रामाच्या सभेनें करावयाचा आहे, आणि तो आम्ही शिरसावंद्य मानूं. सभेस येण्यापूर्वीं मात्र प्रत्येकानें एकदां सकाळीं आठ वाजतां देवळामागें येऊन पाव तास उभें राहावें, आणि जें दिसेल तें पाहून मत द्यावें. परमेश्वर आपणां सर्वांस सद्बुद्धि देवो.