बियाला ऊब, रोपाला उजेड



नंदुरबार म्हटलं, की मिरची आलीच.
उन्हाळी मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपं थंडी सरता सरता तयार करायची असतात.
पण तोरणमाळ, धडगावच्या डोंगरात तेव्हाही रात्री गार असतात.
गारठ्यात मिरचीचं बी उगवायला फार दिवस घेतं.
म्हणून ते घरात, पडवीत रुजवा.

लक्षात ठेवा...
बियाला ऊब, रोपाला उजेड.

आधी बियाला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळा.
खळगे असलेल्या प्रो-ट्रेमध्ये ओलसर कोकोपीट भरा.
एका खळग्यात एकच बी टाका.
काकडी, दोडका, कारलं छोट्या पिशव्यांत लावा.
ट्रे एकावर एक रचा...
आणि वरून प्लास्टिकनं झाका.
ही झाली बियाची ऊब.

आता रोज एकदा पाहा.
कोंब दिसले, की त्याच दिवशी प्लास्टिक काढा.
ट्रे उजेडात मांडा.
अंधारात रोपं उंच, पिवळी, लेचीपेची होतात.

पाणी सकाळी द्या, झारीनं, बेतानं.
जास्त पाण्यानं रोपं बुडाशी सडून कोलमडतात.
वर बारीक जाळी लावा.
त्यामुळे पांढरी माशी आणि फुलकिडे लांब राहतात.

काकडीचं रोप साधारण 2 आठवड्यांत तयार होतं.
मिरचीला 5 ते 6 आठवडे लागतात.
लावणीआधी पाणी थोडं कमी करा.
रोपांना हळूहळू उन्हाची सवय लावा.

पुन्हा सांगतो...
बियाला ऊब, रोपाला उजेड.

काही अडलं, तर कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जरूर विचारा.