डोंगराच्या पोटातील नोकरी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



स्थापत्य अभियंत्याच्या व्यवसायाविषयी मी बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा मी संकोचलो. मी मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेला शाळामास्तर. परंतु माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा १९९२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कोकण रेल्वेच्या बोगद्यांच्या कामावर लागला, आणि पुढल्या मे महिन्याच्या सुटीत मी चार दिवस त्याच्याजवळ जाऊन राहिलो. त्या शिदोरीवर बोलतो.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या या मार्गावर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा सर्वांत लांब, सुमारे साडेसहा किलोमीटरांचा. भाचा त्याच भागात कामास होता. पत्र्याची खोली, एक खाट, कंदील आणि नकाशांच्या गुंडाळ्या, एवढा त्याचा संसार.

काम कसे चाले ते सांगतो. कातळाच्या तोंडावर रंगाने खुणा करावयाच्या, त्या खुणांवर भोके पाडावयाची, सुरुंग भरून उडवावयाचे. मग धूर निघून जाईपर्यंत थांबावयाचे. त्यानंतरचा क्षण मात्र खरा कठीण. न उडालेला एखादा सुरुंग राहिला आहे काय, माथ्यावरचा कोणता दगड सुटला आहे, हे पाहण्यास कोणीतरी प्रथम आत गेले पाहिजे. एक वयोवृद्ध जमादार लांब पहार घेऊन पुढे होई आणि छतावर ठोकीत जाई. खणखणीत आवाज आला तर कातळ शाबूत; बद्द आवाज आला की मागे सरायचे आणि तो दगड पहारीने खाली पाडायचा. आपल्या आयाबहिणी मडके वाजवून घेतात, तसेच हे. माझा पदवीधर भाचा ही विद्या त्या निरक्षर जमादाराकडून शिकला आणि त्याच्या मागोमाग, सर्वांच्या आधी, आत जाऊ लागला.

दुसरे काम डोळ्यांचे. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खोदत आलेली तोंडे आत एकमेकांस भेटावयाची. बाहेर मांडलेल्या थिओडोलाइटच्या रेषेत अंशाच्या अंशाची चूक झाली, तरी आत ती हातांनी मोजावी लागते. रात्री तो उठून आकडे पुन्हा ताडून पाही. परीक्षेचा पेपर तपासताना माझी कधी अशी झोप उडाली नव्हती, हे येथे कबूल करतो.

पुढे त्याची बदली गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यावर झाली. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. पण तेथे कातळ नव्हे, पाण्याने भिजलेली मऊ माती. सुरुंगाचा तेथे उपयोग नाही. हातभर खणावे, लागलीच आधार द्यावा, आणि पाऊस लागला की चिखल वाहत आत यावा. अशा मऊ मातीच्या बोगद्यांत छत खचून मजूर दगावल्याची वृत्ते येऊ लागली. ताईने अन्न टाकले. तेव्हा मी त्याला पत्र लिहिले की, नोकरी सोड, जिल्ह्याच्या गावी कचेरीत जागा आहे, मी शब्द टाकतो. उत्तर चार ओळींचे आले. त्यात त्याने एवढेच विचारले होते की, माझ्याबरोबर आत उतरणाऱ्या मजुरांना असा मामा कोठून आणावयाचा?

मी वर्गात बोरघाट शिकवीत असे. सॉलोमन ट्रेडवेल आणि त्याच्या मृत्यूनंतर काम तडीस नेणारी त्याची पत्नी ॲलिस यांची नावे मुलांकडून पाठ करून घेई. १८६३ साली पुऱ्या झालेल्या त्या घाटाच्या पंचवीस बोगद्यांसाठी खपलेल्या हजारो मजुरांविषयी मात्र मी एक वाक्यही कधी बोललो नव्हतो. ते पत्र वाचल्यावर बोलू लागलो.

पेडण्याचा बोगदा सर्वांत शेवटी तयार झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला. पण डोंगर विसरत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याच्या आतील भिंतीचा भाग ढासळला, जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरले, आणि दोन्ही वेळी गाड्या दुसरीकडून वळवाव्या लागल्या. दोन्ही वेळी भाच्याने मला रात्री फोन केला. आता त्याने पन्नाशी ओलांडली आहे. त्या कामावरून केव्हाच निघाला. तरी आवाज तसाच कातर होता.

जाता जाता एक घरचीच गोष्ट. त्याच्यासाठी आपल्याच ज्ञातीतील दोन स्थळांकडून नकार आला. एका वधूपित्याने मला तोंडावर सांगितले की, बिळात काम करणाऱ्यास मुलगी देणार नाही. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण माझेही मत फारसे निराळे नव्हते. या वर्षीच्या आपल्या वधूवर सूचीत बोगद्यांच्या कामावरील तीन तरुण आहेत. त्यांतील एक हिमालयात असतो आणि त्यास वर्षातून एकदाच घरी येता येते. त्यांची टिपणे चिटणीसांपाशी आहेत. इच्छुक पालकांनी भोजनोत्तर त्यांची गाठ घ्यावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.